पंडिता रमाबाईंची विद्यायात्रा

इ. स. १८८३ मध्ये एक तरुण विधवा आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडला जाणाऱ्या आगबोटीत चढली. समुद्रपर्यटन करणे हेच त्या काळी पाप मानले जाई; मग एका स्त्रीने शिक्षणासाठी परदेशी जाणे लोकांना कसे रुचावे? परंतु त्या स्त्रीचा निश्चय अढळ होता. ह्याच पंडिता रमाबाई होत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदेची पर्वा न करता आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या रमाबाईंना दिली. पुढे दुष्काळाने आईवडिलांचा बळी घेतला. रमाबाई आपल्या भावाबरोबर पायी तीर्थयात्रा करीत कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लवकरच भाऊ वारला. १८८२ मध्ये पतीचेही निधन झाले. रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आजारी स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास संकोचतात व उपचारावाचून प्राण गमावतात, हे त्यांनी पाहिले होते. आपणच वैद्यकी शिकावी, असे त्यांच्या मनाने घेतले. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक त्यांनी लिहिले होते. त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तरतूद झाली.

इंग्लंडमध्ये त्यांच्यापुढे मोठेच संकट उभे राहिले. त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. त्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. ज्यासाठी सातासमुद्रांपलीकडे यावे, तेच हातून निसटावे, याहून मोठी निराशा कोणती? पण रमाबाई खचल्या नाहीत. शरीराचे रोग आपल्याला बरे करता येणार नसतील, तर अज्ञानाचा रोग दूर करण्याची विद्या शिकावी, असे त्यांनी ठरविले. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी, गणित व शास्त्रे शिकत. पंडिता म्हणून गौरविलेल्या स्त्रीने पुन्हा विद्यार्थिनीच्या बाकावर बसण्यात कमीपणा मानला नाही. इंग्लंडमध्येच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वैद्यकीचे शिक्षण घेत होत्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि पाहुण्या म्हणून गेलेल्या रमाबाई तेथे सुमारे तीन वर्षे राहिल्या. मुलांच्या हातांना काम देऊन, खेळांतून व वस्तूंतून त्यांना शिकविण्याची फ्रोबेलची बालोद्यान पद्धती त्यांनी अभ्यासिली. तेथील शाळा व स्त्रियांच्या संस्था पाहिल्या. त्या देशाचे गुण त्यांनी मोकळेपणाने वाखाणले. पण काळ्या लोकांना मिळणारी हीन वागणूकही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. आंधळेपणाने सारेच उचलणे हे खरे शिकणे नव्हे, हे त्या जाणून होत्या.

१८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. बालविधवांचे दुःख त्यातून अमेरिकन वाचकांना कळले. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. रमाबाईंनी गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यासाठी मंडळ स्थापन झाले व त्याने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले.

१८८९ च्या आरंभी रमाबाई मायदेशी परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी 'शारदा सदन' उघडले. आनंदीबाई डॉक्टर झाल्या, त्या दिवसाला बरोबर तीन वर्षे झाली होती. पण हा दिवस पाहण्यास आनंदीबाई हयात नव्हत्या. सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी म्हणून त्या आनंदीबाई कर्वे या नावाने प्रसिद्धीस आल्या. काही वर्षांत धर्मांतराच्या प्रश्नावरून सदनावर मोठे वादळ उठले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही रमाबाईंनी काम सोडले नाही. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना त्यांनी पुण्याजवळ केडगाव येथील मुक्तिसदनात आसरा दिला व स्वावलंबनाचे शिक्षण दिले. उतारवयातही हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलाचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

रमाबाई डॉक्टर होण्यासाठी निघाल्या होत्या. ती इच्छा अपुरीच राहिली. तथापि, परदेशात मिळविलेली विद्या त्यांनी स्वतःच्या सुखासाठी राखून ठेवली नाही. जिच्यासाठी शाळेचे दार बंद होते, अशा मुलीच्या हाती त्यांनी पुस्तक दिले. त्यांच्या विद्यायात्रेचे हेच खरे फळ होय.