जंगलाची भाषा शिकवणारे जिम कॉर्बेट

व्याघ्रप्रकल्पातील सफारीत एक क्षण हमखास येतो. दूर कुठेतरी चितळ ओरडते, झाडावरचे वानर खाकरल्यासारखा आवाज काढते आणि मार्गदर्शक चालकाला गाडी थांबवायला सांगतो. इंजिन बंद होते. वाघ अजून दिसलेला नसतो. मात्र तो जवळपास आहे, ही वार्ता जंगलाने दिलेली असते. ताडोबा असो, कान्हा असो वा रणथंबोर, सफारीची सारी भिस्त या इशाऱ्यांवर असते. ही विद्या मूळची वनांत राहणाऱ्या माणसांची. ती ग्रंथरूपाने जगभरच्या वाचकांपर्यंत नेणाऱ्यांत एडवर्ड जेम्स ऊर्फ जिम कॉर्बेट यांचे नाव अग्रभागी आहे.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम अवघ्या पाच-सहा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर आला. उन्हाळ्यात नैनिताल आणि हिवाळ्यात पायथ्याचे कालाढुंगी असा या कुटुंबाचा क्रम होता. कालाढुंगीच्या रानात जिम प्रथम गलोल, मग धनुष्यबाण आणि पुढे एक जुनाट बंदूक घेऊन हिंडू लागले. कुंवरसिंह या गावकरी शिकाऱ्याने त्यांना रानात निर्भयपणे वावरण्याचे धडे दिले. पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल, वाटेवरच्या धुळीत उमटलेल्या ठशांवरून जनावराची जात, वेग आणि वेळ ओळखणे, या गोष्टी त्यांनी शाळकरी वयातच आत्मसात केल्या.

अर्थार्जनासाठी त्यांनी विशीच्या आत रेल्वेची नोकरी पत्करली. पुढे बिहारमधील मोकामा घाट येथे गंगेच्या तीरावर मालाची चढ-उतार करण्याचे कंत्राट त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. हमालांसोबत राबणाऱ्या या माणसाला नरभक्षकांच्या शिकारीसाठी बोलावणी येत, तेव्हा ते रजा काढून डोंगरांत जात.

१९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिने ४३६ माणसांचे बळी घेतल्याची नोंद होती. या कामगिरीवर निघण्यापूर्वी कॉर्बेट यांनी सरकारला दोन अटी घातल्या होत्या. वाघिणीवर लावलेली बक्षिसे रद्द करावीत आणि अन्य शिकाऱ्यांना माघारी बोलवावे. १९२६ मध्ये त्यांनी रुद्रप्रयागच्या बिबट्याचा अंत केला. केदारनाथ आणि बदरीनाथच्या यात्रामार्गावर या बिबट्याने आठ वर्षांत १२५ जणांचे प्राण घेतले होते. दिवस मावळल्यावर त्या मुलखातील दारे बंद होत आणि यात्रेकरू जीव मुठीत धरून रात्र काढीत. गढवाल-कुमाऊँच्या खेड्यांत कार्पेट साहेब या नावाने कॉर्बेट ओळखले जाऊ लागले, ते या भयमुक्तीमुळे.

मारलेल्या प्रत्येक नरभक्षकाचे शरीर ते बारकाईने तपासत. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले होते. बंदुकीच्या जुन्या गोळीने ही इजा झाली होती. अन्य काही वाघांच्या पंजांत साळिंदराचे काटे रुतून जखमा चिघळलेल्या आढळल्या. यावरून त्यांनी मांडलेला निष्कर्ष त्या काळी धाडसाचा होता. वाघ स्वभावतः माणसाचा वैरी नाही; जखम, वार्धक्य किंवा नैसर्गिक भक्ष्याचा अभाव त्याला त्या थराला नेतो. चंपावतच्या शेकडो मृत्यूंच्या मुळाशी कुणा शिकाऱ्याचा चुकलेला नेम होता.

ही जाण असूनही त्यांची बंदूक एकाएकी खाली आली नाही. १९३० मध्ये त्यांनी पवलगढ परिसरातील प्रसिद्ध दांडगा वाघ मारला. तो नरभक्षक नव्हता. मात्र याच सुमारास त्यांचा कल कॅमेऱ्याकडे वळत होता. वनाधिकारी फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन यांनी घेतलेल्या वाघांच्या छायाचित्रांचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. वाघांचे चलच्चित्रण करताना यंत्राची घरघर त्यांना बिथरवी. कॉर्बेट यांनी जंगलातील ओहोळाला छोटे बांध घालून पाण्याचा खळखळाट वाढवला आणि त्या आवाजात कॅमेऱ्याचा आवाज लपवला. बंदुकीला एक क्षण पुरत असे, चित्रणासाठी मात्र महिनोन्महिने धीर धरावा लागला.

संयुक्त प्रांतात वन्यजीव रक्षणासाठी त्यांनी लोकमत जागवले. १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान हे भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्याच्या उभारणीत त्यांचा मोलाचा वाटा होता. १९४४ मध्ये कुमाऊँच्या नरभक्षकांवरील त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. १९५३ च्या ‘जंगल लोअर’ मध्ये त्यांनी पशुपक्ष्यांचे इशारे, पाऊलखुणा आणि वाऱ्याची दिशा यांचा अर्थ उलगडून दाखवला.

नोव्हेंबर १९४७ मध्ये कॉर्बेट भगिनी मॅगी यांच्यासह केनियाला गेले आणि न्येरी येथे स्थायिक झाले. जवळच्या अरण्यात पाणवठ्यालगतच्या एका अजस्र झाडावर ट्रीटॉप्स हे निवासस्थान बांधलेले होते. तेथे पाहुणे रात्रभर जागून वन्यप्राणी पाहत. ५ फेब्रुवारी १९५२ रोजी ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ तेथे आल्या, तेव्हा वृद्ध कॉर्बेटही सोबत होते. राजकन्येने पाणवठ्यावर आलेल्या हत्तींचे आपल्या कॅमेऱ्याने चित्रण केले, रात्री गेंडे पाहिले. त्याच रात्री नॉरफोकमधील सँडरिंगहॅमच्या राजनिवासात त्यांचे वडील राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाले. झाडावर राजकन्या म्हणून चढलेली तरुणी राणी होऊन उतरली होती. कॉर्बेट यांनी या भेटीवर लिहिलेले छोटेखानी पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाले.

१९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले. पुढे हेली उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प योजनेचा प्रारंभ याच अरण्यातून झाला. कालाढुंगीतील त्यांचे घर आता संग्रहालय आहे.

आज वाघ दिसला तरच सफारी सार्थकी लागली, असे मानणारे पर्यटक थोडे नाहीत. एका वाघाभोवती गाड्यांची दाटी होते आणि चितळाची हाक इंजिनांच्या आवाजात हरवते. कॉर्बेट यांच्या लेखी वाघ हा त्या संभाषणाचा एक भाग होता. वानर कोणत्या दिशेला पाहून ओरडते, मोर अकस्मात का केकाटला, ओल्या वाळूतला ठसा किती ताजा, हे ज्याला उमगते, त्याची फेरी वाघाविनाही रिकामी जात नाही. त्यासाठी लागते ती थोडी शांतता. आणि जंगलात ती पाहुण्यानेच पाळायची असते.