चिमाजी आप्पा : ठाणं आणि वसई परक्यांकडून सोडवणारा सेनापती

दिघा : दिघ्याजवळ, खाडीपलीकडचं ठाणं १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडं होतं. तिथं त्यांनी नवा किल्ला बांधायला घेतला होता. तो पुरा झाला असता तर खाडीवर त्यांचीच पकड बसली असती. थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी आप्पा थांबले नाहीत. बांधकाम अर्धवट असतानाच मराठ्यांनी ठाणं घेतलं. मे १७३९ मध्ये वसईही पडली. त्यासाठी हजारो सैनिक कामी आले. तरी शरण आलेल्यांना आप्पांनी शब्द दिल्याप्रमाणे हत्यारांसह सुखरूप जाऊ दिलं. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, ते ऐन उमेदीत वारले. पानिपतावर लढलेले सदाशिवरावभाऊ हे त्यांचेच चिरंजीव. ठाण्याच्या त्या किल्ल्यात आज कारागृह आहे.