महर्षी कर्वे : जाहिरातीवाचून आलेली नोकरी

चांद्याहून हिंजवडीच्या कचेऱ्या जवळ. तरीही कित्येक जागा जाहीर होण्यापूर्वीच ओळखीने भरल्या जातात, अशी खंत आमचे तरुण ज्ञातिबांधव बोलून दाखवितात. त्यांच्यासाठी महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रातील एक प्रसंग आम्ही येथे सादर करीत आहोत.

१८५८ साली जन्मलेले मुरूडचे अण्णासाहेब गणित घेऊन पदवीधर झाले आणि मुंबईतील निरनिराळ्या शाळांतून शिकवू लागले. पुढे टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली व फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताच्या अध्यापकाची उणीव भासू लागली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील सहाध्यायी गोपाळराव गोखले यांना अण्णासाहेबांची आठवण झाली. न मागता निमंत्रण आले. १८९१ साली अण्णासाहेब पुण्यास आले आणि १९१४ पर्यंत तेथेच शिकवीत राहिले.

ओळखीने दार उघडले, हे खरे; परंतु तेवीस वर्षांचे अध्यापन केवळ ओळखीवर निभत नसते.

१८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या आपल्याच मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. फर्ग्युसनमधील स्थान मात्र अढळ राहिले. ज्ञातीने दूर लोटले, गुणांनी तारले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. आज आम्ही त्यांना अभिमानाने आपले म्हणतो, तेव्हा तो बहिष्कारही विसरू नये.

आपल्या कचेरीतील रिकाम्या जागेची वार्ता वडीलधाऱ्यांनी होतकरू तरुणांच्या कानी अवश्य घालावी. शिफारस मात्र गुण पाहूनच करावी, एवढीच आमची नम्र विनंती.