सोलापूरचे पॉली उम्रीगर : पाठीने साथ सोडली, जिद्दीने नाही

गिरण्यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोलापूरने भारतीय क्रिकेटला एक अव्वल दर्जाचा अष्टपैलू खेळाडू दिला, याची जाणीव आज शहरातील फार थोड्यांना असेल. पहलान रतनजी उम्रीगर, अर्थात क्रिकेटविश्वाचे पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापुरात एका पारशी कुटुंबात झाला. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. बालपणीची वर्षे सोलापुरात काढल्यानंतर शालेय वयातच ते कुटुंबासह मुंबईला गेले आणि तेथील मैदानांवर त्यांचा खेळ बहरला. १९६२ मध्ये ते कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले, तेव्हा सर्वाधिक कसोटी सामने, सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक शतके हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते. त्यांना थांबविले ते पाठीच्या दुखण्याने.

विद्यापीठातून कसोटी संघात

सेंट झेवियर्स महाविद्यालयात विज्ञान शाखेचे शिक्षण घेत असताना उम्रीगर यांनी मुंबई विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्व केले. १९४४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पारशी संघातून पंचरंगी स्पर्धेत त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. १९४८ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला असता संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या. त्या खेळीने कसोटी संघाचे दार उघडले आणि डिसेंबर १९४८ मध्ये मुंबईत ते पहिला कसोटी सामना खेळले.

संघातील स्थान पक्के होण्यास मात्र आणखी काही वर्षे गेली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथील इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत हेमू अधिकारी यांना दुखापत झाल्याने उम्रीगर यांना संधी मिळाली. त्यांनी नाबाद १३० धावा फटकावल्या. भारताने तो सामना एक डाव आणि आठ धावांनी जिंकला. कसोटी क्रिकेटमधील भारताचा तो पहिला विजय होता.

त्याच वर्षीचा इंग्लंड दौरा मात्र त्यांची कठोर परीक्षा घेणारा ठरला. अन्य सामन्यांत धावांचा पाऊस पाडणाऱ्या उम्रीगर यांना कसोटीतील सात डावांत अवघ्या ४३ धावा करता आल्या. फ्रेड ट्रूमनच्या वेगासमोर ते बिचकतात, अशी टीका झाली. या टीकेला त्यांनी बॅटनेच उत्तर दिले. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात दोन शतकांसह ५६० धावा त्यांनी जमविल्या. १९५५ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावांची खेळी करून कसोटीत द्विशतक झळकावणारे पहिले भारतीय होण्याचा मान त्यांनी मिळविला. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये, मँचेस्टर कसोटीत त्यांनी ११८ धावा केल्या आणि सात वर्षांपूर्वीचा डाग पुसून काढला.

तत्त्वासाठी कर्णधारपद सोडले

आठ कसोटी सामन्यांत त्यांनी भारताचे नेतृत्व केले. १९५८-५९ च्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत मद्रास कसोटीपूर्वी संघनिवडीवरून वाद झाला. फलंदाज मनोहर हर्डीकर संघात असावेत, असे उम्रीगर यांचे मत होते, तर मंडळाच्या अध्यक्षांचा आग्रह फिरकी गोलंदाज जसू पटेल यांच्यासाठी होता. सामन्याच्या आदल्या रात्री उम्रीगर यांनी कर्णधारपदाचा राजीनामा दिला. खेळाडू म्हणून मात्र ते त्या सामन्यात उतरले. पुढे डिसेंबर १९५९ मध्ये कानपूर येथे भारताने ऑस्ट्रेलियावर पहिला विजय मिळविला, तो याच जसू पटेल यांच्या १४ बळींच्या जोरावर. दुसऱ्या डावात दुसऱ्या टोकाने २७ धावांत चार गडी बाद करून पटेल यांना साथ देणारे गोलंदाज होते पॉली उम्रीगर.

फलंदाजीचा आधारस्तंभ असूनही गोलंदाजीचे ओझे त्यांनी सातत्याने वाहिले. त्या काळी संघासोबत आजच्यासारखा फिजिओथेरपिस्ट, ट्रेनर आणि डॉक्टरांचा ताफा नसे. दुखणे अंगावर काढणे हीच रीत होती. आज घरोघरी आढळणारी आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ही औषधेही तेव्हा बाजारात आलेली नव्हती.

१९६२ चा दौरा

उम्रीगर यांची अखेरची मालिका वेस्ट इंडीजमध्ये झाली. १७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटीला गंभीर इजा झाली. हेल्मेटचा जमाना अद्याप दूर होता. तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी रक्ताची गरज भासली, तेव्हा वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्याबरोबर रक्तदान करणाऱ्यांत उम्रीगरही होते. कॉन्ट्रॅक्टर यांचे प्राण वाचले, परंतु ते पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत.

या आघातातून संघ सावरलेला नसताना एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी आली. छत्तिशीतील उम्रीगर यांनी पहिल्या डावात पन्नासहून अधिक षटके टाकून १०७ धावांत पाच बळी घेतले. फलंदाजीत ५६ धावा केल्या आणि फॉलोऑननंतर नाबाद १७२ धावांची झंझावाती खेळी केली. भारत सामना हरला आणि मालिकाही ५-० अशी गमावली. मात्र एकाच सामन्यात बॅट आणि चेंडूने इतका पराक्रम गाजविणारे खेळाडू क्रिकेटच्या इतिहासात मोजकेच आहेत. त्यानंतरची किंग्स्टन कसोटी त्यांची अखेरची ठरली. पाठदुखीमुळे त्यांनी निवृत्ती पत्करली. ५९ कसोटींत ४२.२२ च्या सरासरीने ३,६३१ धावा, १२ शतके आणि ३५ बळी अशी त्यांची कामगिरी आहे. त्याच वर्षी त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

जखमी संघाचे व्यवस्थापक

१९७६ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यावर ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. किंग्स्टन कसोटीत वेगवान माऱ्यापुढे अंशुमन गायकवाड यांच्या कानाजवळ चेंडू लागला, ब्रिजेश पटेल यांच्या तोंडाला इजा झाली, तर गुंडप्पा विश्वनाथ यांचे बोट मोडले. दुसऱ्या डावात भारताचे पाच खेळाडू दुखापतीमुळे फलंदाजीस उतरले नाहीत आणि पाच बाद ९७ वर डाव संपला. चौदा वर्षांपूर्वी सहकाऱ्यासाठी रक्त देणाऱ्या उम्रीगर यांच्यावर आता संपूर्ण जखमी संघाला सांभाळण्याची वेळ आली. पुढे १९७८ ते १९८२ या काळात ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला बीसीसीआय त्यांच्याच नावाचा पुरस्कार देते.

वेदना दडपण्याचा काळ

उम्रीगर यांच्यापुढे पाठ दुखू लागल्यावर थांबण्याखेरीज फारसा पर्याय नव्हता. आजच्या व्यावसायिक खेळाडूपुढे गोळी आणि इंजेक्शन यांचा पर्याय आहे, आणि धोका नेमका तेथेच आहे. २०१० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत सुमारे ३९ टक्के खेळाडू प्रत्येक सामन्यापूर्वी वेदनाशामक घेत होते, असे फिफाच्या वैद्यकीय पाहणीत आढळले. वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते. ती दडपली तरी दुखावलेल्या सांध्यावरचा वा स्नायूवरचा ताण कायम राहतो आणि इजा वाढत जाते. अशा औषधांच्या दीर्घ सेवनाने जठरात व्रण होतात, मूत्रपिंडांवर परिणाम होतो. क्रोएशियाचा फुटबॉलपटू इव्हान क्लास्निच याला २००७ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण करावे लागले. मूत्रपिंडाचा विकार असतानाही वेदनाशामके दिली गेल्याबद्दल त्याने न्यायालयीन लढा दिला. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने १ जानेवारी २०२४ पासून ट्रॅमाडॉल या वेदनाशामकावर स्पर्धाकाळात बंदी घातली आहे.

क्रिकेटमध्येही हेल्मेट रूढ झाले आणि २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू उतरविण्याची मुभा मिळाली. कॉन्ट्रॅक्टर आणि गायकवाड यांच्या पिढीला हे संरक्षण लाभले नव्हते. सोलापूरच्या पार्क मैदानावर सराव करणाऱ्या मुलांना उम्रीगर यांची १७२ धावांची खेळी जरूर सांगितली जावी. त्याबरोबरच, पाठीने इशारा दिल्यावर विक्रम नावावर असतानाही हा खेळाडू बाजूला झाला, हेही त्यांच्या प्रशिक्षकांनी आणि पालकांनी लक्षात ठेवावे.