थकलेल्या हृदयाचा श्वास ओळखणारा वैद्य

हृदयविकाराने जर्जर झालेल्या रुग्णाच्या उशाशी ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना तो श्वास ठाऊक असतो. आधी उथळ, मग हळूहळू खोल, पुढे धाप लागल्यासारखा आणि पुन्हा मंद होत पार थांबलेला. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. आणि काही क्षणांनी तेच चक्र नव्याने सुरू होते. वैद्यकशास्त्रात याला ‘चेन-स्टोक्स श्वसन’ म्हणतात. या जोडनावातील दुसरे नाव डब्लिनचे डॉ. विल्यम स्टोक्स यांचे.

स्टोक्स यांचा जन्म १८०४ चा. वडील व्हिटली स्टोक्स स्वतः नामवंत वैद्य. मुलाला शाळेत न घालता त्यांनी घरीच शिकविले. पुढे विल्यम यांनी १८२५ मध्ये एडिंबरो येथे एम.डी. पदवी मिळविली आणि त्याच वर्षी स्टेथोस्कोपच्या वापरावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. फ्रान्समध्ये लेनेक यांनी ते उपकरण शोधून काढल्याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. विशीतल्या नवख्या वैद्याचे हे धाडसच म्हणायचे.

डब्लिनच्या मीथ रुग्णालयात त्यांना रॉबर्ट ग्रेव्हज यांच्यासारखा ज्येष्ठ सहकारी लाभला. विद्यार्थ्याने व्याख्यानगृहात नव्हे, तर रुग्णाच्या खाटेपाशी शिकावे, असा या दोघांचा आग्रह. याची किंमतही होती. तापाच्या साथीत स्टोक्स यांना स्वतःला टायफस झाला. १८४० च्या दशकातील भीषण दुष्काळात आयर्लंडमधील डॉक्टर रुग्णसेवा करता करता दगावत होते, तेव्हा स्टोक्स यांनी एका सहकाऱ्यासह त्या मृत्यूंची मोजदाद करून ती प्रसिद्ध केली.

श्वासाच्या त्या चमत्कारिक चक्राचे वर्णन मात्र त्यांच्याआधी जॉन चेन यांनी १८१८ मध्ये केले होते. मूळचे स्कॉटलंडचे चेनही डब्लिनमध्येच व्यवसाय करीत. साठीच्या एका रुग्णाचा श्वास सुमारे पाव मिनिट थांबे आणि संपूर्ण आवर्तन साधारण मिनिटभरात पुरे होई, असे त्यांनी नोंदविले. पण एका रुग्णावरून काय ठरणार? स्टोक्स यांनी १८५४ मध्ये हृदय व महाधमनीच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि या श्वासाचा संबंध दुबळ्या झालेल्या हृदयाशी जोडला. त्यामागचे कारण सांगण्याची साधने त्या काळी नव्हती. आज ते कळते. हृदय मंद चालले की फुप्फुसातून निघालेले रक्त मेंदूपर्यंत उशिरा पोचते. फुप्फुसे साकळल्यामुळे श्वास आधीच जलद झालेला असतो. त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली गेला की मेंदू श्वासाचा हुकूमच थांबवितो. तो वायू पुन्हा साठल्याची खबरही उशिराच मिळते, आणि मग अतिरेकी धाप सुरू होते.

स्टोक्स यांचे १८७८ च्या जानेवारीत डब्लिनजवळील हाउथ येथे निधन झाले. त्या वेळी त्यांचे कायदेपंडित पुत्र व्हिटली हे भारतात व्हाइसरॉयच्या मंडळाचे विधी सदस्य होते. आपल्याकडे आजही लागू असलेला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्यांच्याच कारकीर्दीतला.

पित्याने नोंदविलेल्या श्वासाची कथा मात्र पुढे चालूच राहिली. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावरील मास्कमधून सतत दाबाने हवा देणारे ‘सीपॅप’ यंत्र मांडले. झोपेत घसा मिटून श्वास अडणाऱ्यांना ते वरदान ठरले. हृदयरुग्णांनाही ते उपयोगी पडेल, ही आशा रास्त होती. छातीतील दाब वाढला की हृदयाकडे परतणारे रक्त थोडे घटते आणि डाव्या कप्प्यावरील ताणही हलका होतो. कॅनडातील २५८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. रात्रीचा प्राणवायू सुधारला, हृदयाची पंपशक्तीही किंचित वाढली. पण आयुष्य वाढले नाही. मग प्रत्येक श्वासानुसार दाब बदलणारे अधिक हुशार यंत्र आले. पंपशक्ती क्षीण झालेल्या १३२५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०१५ मधील निकालाने सर्वांनाच हादरविले: श्वास जवळपास सुरळीत झाला होता, पण यंत्र दिलेल्या गटात हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने अधिक निघाला. त्यानंतर अशा रुग्णांना ते यंत्र न देण्याचा इशारा देण्यात आला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुधारित यंत्राच्या दुसऱ्या चाचणीत अपाय आढळला नाही, पण आयुष्य वाढल्याचेही दिसले नाही. तो चढउतार हे दुबळ्या हृदयाचे केवळ लक्षण आहे की शरीराने शोधलेली एक तडजोड, यावर तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही.

स्टोक्स यांच्या १८५४ च्या ग्रंथातील एक उपचार आज सहसा कोणाच्या लक्षात नसतो. हृदय अशक्त झालेल्या काही रुग्णांना ते सपाट वाटेवर, धाप लागू न देता, अंतर हळूहळू वाढवत चालायला सांगत. हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात आज डॉक्टर जवळपास तेच सांगतात.