रमाकांत देसाई

रमाकांत भिकाजी देसाई (२० जून १९३९, मुंबई – २७ एप्रिल १९९८, मुंबई) हे भारताचे कसोटी क्रिकेटपटू व उजव्या हाताचे वेगवान गोलंदाज होते. त्यांनी २८ कसोटी सामन्यांत ७४ बळी घेतले. ठेंगण्या शरीरयष्टीमुळे ते ‘टायनी’ या टोपणनावाने ओळखले जात.

== पदार्पण ==
१९५८-५९ च्या रणजी करंडक स्पर्धेत, आपल्या पहिल्याच हंगामात, देसाई यांनी मुंबईकडून ५० बळी घेतले. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्ली येथे वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. वयाची विशीही न गाठलेल्या या गोलंदाजाने त्या डावात ४९ षटके टाकून १६९ धावांत ४ बळी घेतले. त्याच वर्षी लॉर्ड्‌स कसोटीत त्यांनी इंग्लंडचे ५ गडी ८९ धावांत बाद केले.

== वेग ==
देसाई यांच्या काळात चेंडूचा वेग मोजणारी यंत्रे मैदानावर नव्हती. बेसबॉलमध्ये तरुण पिचरची पारख करण्यासाठी रडार यंत्राचा वापर १९७० च्या दशकात सुरू झाला. क्रिकेटच्या प्रक्षेपणात ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रूढ झाले. तोपर्यंत गोलंदाजाचा वेग यष्टिरक्षक किती मागे उभा राहतो, चेंडू टप्प्यानंतर किती उसळतो आणि फलंदाजाला फटका खेळण्यास कितपत वेळ मिळतो, यांवरून ठरवला जाई. उंच गोलंदाजाचा चेंडू अधिक उंचीवरून सुटत असल्याने त्याला उसळी सहज मिळते. देसाई यांना ही अनुकूलता नव्हती, तरीही त्यांचा उसळता चेंडू फलंदाजांना अडचणीत आणत असे. १९६०-६१ च्या मालिकेत त्यांनी पाकिस्तानचे प्रमुख फलंदाज हनीफ मोहम्मद यांना चार वेळा बाद केले.

भारतातील संथ खेळपट्ट्या वेगवान गोलंदाजीला पोषक नव्हत्या आणि दुसऱ्या बाजूने तोलामोलाची साथ क्वचितच मिळे. त्यामुळे तरुण वयातच त्यांच्यावर दीर्घकाळ गोलंदाजीचा भार पडला. १९६४-६५ मध्ये मुंबई येथे न्यूझीलंडविरुद्ध ५६ धावांत ६ बळी ही त्यांची कसोटीतील सर्वोत्तम कामगिरी होय.

== फलंदाजी ==
डिसेंबर १९६० मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या मुंबई कसोटीत त्यांनी दहाव्या क्रमांकावर ८५ धावा केल्या व नाना जोशी यांच्यासह नवव्या गड्यासाठी १४९ धावांची भागीदारी रचली. १९६८ मधील डनेडिन कसोटीत डिक मॉट्झ यांच्या चेंडूने जबड्याचे हाड मोडूनही त्यांनी बिशनसिंग बेदी यांच्यासह अखेरच्या गड्यासाठी ५७ धावांची भर घातली. भारताने हा सामना जिंकला. परदेशातील भारताचा हा पहिला कसोटी विजय होता आणि देसाई यांचा हा अखेरचा कसोटी सामना ठरला.

== उत्तरायुष्य ==
१९६८-६९ च्या हंगामानंतर ते प्रथम श्रेणी क्रिकेटमधून निवृत्त झाले. १९९६-९७ मध्ये ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या गोलंदाजीचा वेग आकड्यांत नोंदला गेला नसला, तरी मोठ्या काळापर्यंत भारताच्या वेगवान माऱ्याची मुख्य जबाबदारी त्यांनीच सांभाळली.