सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिही, असे मला सांगण्यात आले आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव मनात आले. व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट पुष्कळजणींना ठाऊक असेल. मला मात्र औषधे नसताना या माणसाने दवाखाना कसा चालवला, ते सांगावेसे वाटते.

त्यांचा जन्म सोलापूरला १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. डॉक्टरकीचे शिक्षण मुंबईत. १९३७ साली जपानने चीनवर मोठी चढाई केली, तेव्हा काँग्रेसने लोकांकडून पैसा जमवून पाच डॉक्टर व एक रुग्णवाहिका पाठवली. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यांत होते. सप्टेंबर १९३८ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडील वारल्याचे कळले. ते परत आले नाहीत. घरी आईचे काय झाले असेल, हे आपणच जाणावे.

१९४० मध्ये ते उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात, आठव्या क्रांतिसेनेकडे गेले. शहरे आणि रेल्वे जपान्यांच्या हाती होती, खेडी क्रांतिकारकांच्या सरकारकडे. औषधे पेकिंगहून चोरून आणावी लागत. तेथील विद्यापीठातले काही परदेशी अध्यापकही त्या कामी मदत करीत. डिसेंबर १९४१ नंतर तीही वाट बंद झाली. मग उरला गावांचा आधार. जखमींची डोली गावकरी वाहत, धान्य गावातून येई, बायका सैनिकांसाठी कापडी जोडे शिवत. हाड बांधायच्या पट्ट्या गावचा सुतार करी. जखमेवरचे कापड टाकून न देता धुऊन, उकळून पुन्हा वापरीत. बाळंतिणीसाठी जुने मऊ लुगडे जपून ठेवणाऱ्या आपल्याला हे काही नवे नाही, पण तेथे शेकडो जखमी होते.

रबरी हातमोजेही नसत. कॅनडाचे डॉ. बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोट कापून, जखम चिघळून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे कोटणीस जानेवारी १९४१ मध्ये प्रमुख झाले. त्याआधी एका मोठ्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या होत्या. चिनी भाषा शिकून ते तेथल्या मुलांना वैद्यक शिकवू लागले. नुसती औषधे वाटली असती तर ती संपली असती. शिकवलेले हात मागे राहिले. मला त्यांचे हेच काम सर्वांत मोठे वाटते.

१९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. पण डॉक्टरांना फेफऱ्याचे झटके येत. विश्रांती घ्या म्हटले तरी ते ऐकत नसत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते गेले. बाळ चार महिन्यांचेही नव्हते.

यिनहुआही डॉक्टरकी शिकत असतानाच १९६७ मध्ये गेला. क्वोबाई मात्र २०१२ पर्यंत होत्या. सासरच्या माणसांना भेटायला त्या भारतात अनेकदा येऊन गेल्या.